मुंग्यांचं वजन

वाचकांचे प्रश्न

या खेपेला एकाच पत्रानं निम्म्याहून जास्त जागा घेतली आहे. प्रश्नच तसा आहे, मी काही करू शकत नाही. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : काका, माझं लग्न १९९४ सालचं, कऱ्हाडचं. त्याची व्हीएचएस कॅसेट आणि मुलाच्या मुंजीची २००६ सालची मिनी डीव्ही कॅसेट मी एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. दोन्ही तासा-तासाच्या, दोन्हींच्या फाइली १३-१३ जीबीच्या आल्या. भाच्यानं हँडब्रेक नावाचं व्हिडिओ दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, त्यातला क्वालिटीचा आकडा दोन्हींना २० ठेवला. मुंजीची फाइल झाली ८०० एमबी आणि लग्नाची २.१ जीबी! लग्नाचं चित्र तर कितीतरी पुसट आहे. वाईट चित्राला जास्त जागा कशी काय लागते? आता भाचा म्हणतो १८ ठेव, शेजारचे म्हणतात २८सुद्धा चालतं. कुणाचं ऐकू? आणि १३ जीबीच्या मूळ फाइली उडवल्या तर चालतील ना? लॅपटॉप भरत आलाय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, वाईट चित्राला जास्त जागा का, हे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं गेली. मिरजेत १९९२ पासून मी लग्नांची शूटिंगं केली. खांद्यावर तो अवजड कॅमेरा, मागे हॅलोजन धरणारा मुलगा, आणि जेवणाच्या पंगतीत ‘आमच्याकडे बघू नका, जेवत राहा’ असं सांगत फिरणं. त्या कॅसेटी मीच भरल्या आहेत, त्यामुळे त्यांचे दोषही माझ्या ओळखीचे आहेत.

जुन्या कॅसेटच्या चित्रात मुंग्या असतात. चॅनेल गेल्यावर टीव्हीभर पसरायच्या तेवढ्या मोठ्या नव्हेत, त्यांची पिल्लं. नवरदेवाच्या काळ्या कोटावर, मांडवाच्या कनातीवर, हॅलोजनचा उजेड न पोहोचलेल्या कोपऱ्यात सतत वळवळणारे बारीक ठिपके. आपला डोळा त्यांच्याकडे काणाडोळा करतो. एन्कोडरला, म्हणजे हँडब्रेकमधल्या व्हिडिओ दाबणाऱ्या यंत्रणेला, ते जमत नाही.

एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकाबद्दल एकच चौकशी करतो : हा मघाच्या चित्रात कुठे होता? मुंजीत कॅमेरा स्टँडवर असणार, चांगला उजेड असणार. मागची भिंत जागची हललेली नाही. एन्कोडर ‘भिंत मघासारखीच’ एवढं लिहून पुढे जातो, त्याला जागा जवळजवळ लागत नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये भिंतीवर मुंग्या आहेत, आणि मघाच्या मुंग्या आता त्या जागी नाहीत. त्यामुळे दर सेकंदाला पंचवीस वेळा त्याला तीच भिंत नव्यानं लिहावी लागते. २.१ जीबीतला मोठा हिस्सा तुमच्या लग्नाचा नाहीच, तो मुंग्यांचा आहे.

त्याच्या लेखी मुंगी आणि अक्षता यांत काही फरक नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, दोनशे माणसं एकदम तांदूळ फेकतात, वाजंत्री सुरू होते, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी कॅमेऱ्यावाल्याला कोपर मारतो. एकही दाणा मघाच्या जागी सापडत नाही. अख्ख्या लग्नात एन्कोडरला सगळ्यात महाग पडतात ते हे वीस सेकंद. पण अक्षता आपल्याला हव्या असतात आणि मुंग्या नको असतात. ही निवड त्याला करता येत नाही, ती आपण करून द्यायची. त्याकडे येतो, आधी तुमचा आकडा.

जुळवाजुळव करून जो फरक उरतो तो एन्कोडर गणितानं लहान-मोठ्या लहरींत मोडतो. (हे मूळ गणित मांडणारे नासिर अहमद जन्मानं बंगळूरचे. नटराजन आणि राव यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९७४ सालचा. फोनमधल्या फोटोपासून तुमच्या मुंजीपर्यंत सगळीकडे त्याच गणिताची रूपं आहेत, आणि आपल्याकडे शाळेत त्यांचं नावही कुणी घेत नाही.) मग त्या लहरींचे आकडे गोल केले जातात. भाजीवाली कशी, सत्तेचाळीस झाले तर ‘पंचेचाळीस द्या’ म्हणते. पाचावर गोल केलं तर हिशेब किंचित हलतो. पन्नासावर गोल केलं तर वही अगदी सुटसुटीत होते, पण त्यात कोथिंबिरीचा पत्ता नसतो. चित्रात ही कोथिंबीर म्हणजे शालूची जर, पापण्या, कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मणी.

हँडब्रेकमधला आकडा म्हणजे हे गोल करणं किती भरड असावं त्याचं माप. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत ते ० ते ५१ असतं. आकडा जितका मोठा तितकं भरड. दर ६ आकड्यांना गोल करायची पायरी दुप्पट होते आणि फाइल अंदाजे निम्मी होते. तुमचं लग्न २० ऐवजी २६ वर घातलंत तर एक जीबीच्या आसपास येईल, १४ वर घातलंत तर चार जीबीच्या.

म्हणजे २० हा आकडा ‘एवढ्या जागेत बसव’ असं सांगत नाही. तो सांगतो, ‘बारकाई एवढी ठेव, जागा लागेल तेवढी घे.’ तुमच्या दोन्ही फाइलींना बारकाई सारखीच मिळाली आहे. फाइलीचा आकार बघून दर्जा ओळखायची आपल्याला सवय लागलेली असते, ती इथे सोडावी लागते.

आता भाचा आणि शेजारी. दोघंही बहुधा बरोबर असतील, फक्त एक मीटरात बोलतोय आणि दुसरा वारात. भाच्याचा १८ एच.२६४ चा आहे. शेजारी त्याच्या पुढची पद्धत, एच.२६५, वापरत असणार, तिथली पट्टी वेगळी. एच.२६४ साठी जो एक्स२६४ एन्कोडर सगळीकडे वापरतात त्याचा मूळ ठेवलेला आकडा २३ आहे, एक्स२६५ चा २८ आहे. एव्ही१ नावाच्या आणखी नव्या पद्धतीत तर पट्टीच ० ते ६३ अशी लांब आहे. ग्राफिक्स कार्डाच्या भरवशावर झरझर चालणारे एन्कोडर असतात, त्यांचा २२ आणखी तिसराच. कुणी नुसता आकडा सांगितला तर आधी विचारायचं, कुठल्या एन्कोडरचा?

एक्स२६४ साठी हँडब्रेकवाले स्वतः कॅसेट-डीव्हीडीच्या आकाराच्या चित्राला १८ ते २२ सुचवतात, १०८० च्या चित्राला २० ते २४, आणि फोर-केला २२ ते २८. लोकांना हे उलटं वाटतं. छोट्या, जुन्या चित्राचे लाड जास्त का? कारण ७२० बाय ५७६ चं चित्र तुम्ही पंचावन्न इंची टीव्हीवर ताणून बघणार, आणि चित्राबरोबर त्यातली चूकही ताणली जाणार. फोर-केमध्ये एक ठिपका बिघडला तर तो दिसतोच कुणाला? तेव्हा मुंजीला २०, लग्नाला १९ किंवा २० ठेवा. २८ घरगुती कॅसेटसाठी एच.२६४ मध्ये नको, चेहरे घोटीव होतात. भाच्याचा १८ वाईट नाही, पण मुंग्या तशाच ठेवून १८ लावलात तर मुंग्या अप्रतिम दिसतील, एवढंच.

म्हणून आकड्याआधी तीन कामं करा. मला विचाराल तर फाइलीचं भलं-बुरं आकड्यापेक्षा या तीन कामांत जास्त ठरतं.

पहिलं, खालचा काठ कापा. व्हीएचएसच्या चित्राला अगदी तळाशी एक फाटकी, थरथरणारी पट्टी असते. जुन्या डबा-टीव्हीत ती चौकटीमागे लपायची. आता दिसते, आणि सतत हलत असल्यानं जागाही खाते. ‘डायमेन्शन्स’मध्ये जाऊन तळाच्या दहा-बारा ओळी काढून टाका. कुणाचे पायही कापले जात नाहीत.

दुसरं, डीइंटरलेस. या कॅसेटींत सेकंदाला २५ चित्रं असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं विणलेलं असतं, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, आणि ती दोन वेगवेगळ्या क्षणांची असतात. कुणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळे. ते दात तसेच ठेवून एन्कोड केलं तर एन्कोडर ते दातही इमानेइतबारे लिहून ठेवतो, आणि पुढे ते कुणाला काढता येत नाहीत. फिल्टरमध्ये यादिफ निवडा, त्याचा ‘बॉब’ प्रकार घ्या (तो प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करतो) आणि फ्रेमरेट ५० करा. फाइल थोडी वाढेल. पण वरातीतलं लेझीम जसं त्या काळी टीव्हीवर सळसळत दिसायचं तसं दिसेल. बॉबशिवाय ते अडखळतं. मुंजीची कॅसेटही अशीच विणलेली आहे, तिलाही हे लागू.

तिसरं, मुंग्या. हँडब्रेकमध्ये एनएलमीन्स नावाचा फिल्टर आहे. त्याचा ‘लाइट’ किंवा त्याहून हलका प्रकार फक्त लग्नाला लावा, मुंजीला नको. माझ्याकडच्या एका हळदीच्या कॅसेटची फाइल याच एका बदलानं दोन जीबीवरून सव्वावर आली, आकडा तोच ठेवून. पण हात आखडता ठेवा. जोरात लावला की माणसं मेणाची होतात. हळदीचे फराटे, आजीच्या सुरकुत्या, सगळं इस्त्री करून टाकतो तो. थोड्या मुंग्या राहू द्याव्यात, कॅसेट कॅसेटसारखी दिसावी.

हे झालं की परीक्षा. अख्खा तास एन्कोड करून बघत बसू नका. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ सेकंदांत देता येते, त्यात दोन मिनिटं काढा. कुठली? अक्षतांची, अर्थातच. त्या वीस सेकंदांच्या मागची-पुढची मिळून दोन मिनिटं. ती १८, २०, २२, २४ अशी चार वेळा करा. प्रीसेट, म्हणजे एन्कोडरनं किती सावकाश काम करायचं ते, चारही वेळा एकच ठेवा (मी ‘स्लो’ ठेवतो आणि झोपायला जातो), कारण प्रीसेट बदलला की त्याच आकड्याला फाइल वेगळी येते आणि तुलना बिघडते. मग फाइलींना अ, ब, क, ड नावं द्या आणि ज्याला आकडे माहीत नाहीत अशा माणसाला दाखवा, ज्या टीव्हीवर बघायचं त्याच टीव्हीवर, ज्या खुर्चीत बसतो त्याच खुर्चीतून.

आमच्याकडे ही परीक्षक म्हणजे बायको. तिला बिटरेट-बिटरेट काही ऐकायचं नसतं. ती मंगळसूत्राच्या वाट्या आणि साडीचा काठ बघते. ‘ह्यात काठ चिकटलाय’ म्हणाली की तो आकडा बाद. एकदा मी हट्टानं २३ ठेवला होता, तिनं दोन खोल्यांपलीकडून ओळखलं, तेही पोळ्या लाटता लाटता. जिथे तिला दोन फाइलींत फरक सांगता येत नाही तिथे मी मोठा आकडा घेतो आणि विषय संपवतो. एक मात्र पाळा, चित्र थांबवून, लॅपटॉपला नाक लावून तुलना करू नका. चालत्या व्हिडिओतली काही चित्रं मुद्दामच भरड ठेवलेली असतात, कारण सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात ती कुणी बघत नाही. नेमकं तेच चित्र गोठवून बघितलंत तर १८ सुद्धा वाईट दिसेल.

आवाजात कंजुषी करू नका. एक तासाचा १६० किलोबिटचा आवाज ७२ एमबी होतो, किरकोळ आहे. लोक चित्रासाठी दोन-दोन जीबी देतात आणि आवाज ६४ वर आणून सनईचा पत्रा करतात. वर्षांनी कॅसेट लावली की चेहऱ्यापेक्षा आधी आवाजानं माणूस आठवतं. मामांनी उखाण्याला मारलेली कोपरखळी नीट ऐकू यायला हवी.

राहिला मूळ फाइली उडवण्याचा प्रश्न. नका. एक गोष्ट सांगतो, माझीच आहे, चूकही माझीच. २००४ साली एका लग्नाचं मिनी डीव्हीवर शूटिंग केलं, तीन तास. गिऱ्हाइकाला ‘एकाच सीडीत’ पाहिजे होतं, सगळ्या नातेवाइकांना वाटायला. तेव्हा एक्सव्हिड नावाच्या जुन्या एन्कोडरचा जमाना होता, मी आकडेमोड केली आणि तीन तास ७०० एमबीत कोंबले. म्हणजे आवाजासकट सेकंदाला ५२० किलोबिटच्या आसपास. मूळ डीव्हीत नुसत्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट असतात, ते आठवा. १५ इंची मॉनिटरवर बरं दिसलं. कॅसेटी महाग होत्या, त्याच तीन कॅसेटींवर मी पुढच्या आठवड्यात दुसरं लग्न घेतलं. दहा-अकरा वर्षांनी त्या घरातली मुलगी आली. आजोबा गेले होते. त्यांचा एकही धड फोटो नव्हता, पण लग्नात ते नवरा-नवरीवर अक्षता टाकताना दिसतात म्हणून ती सीडी घेऊन आली होती, त्यातून फोटो काढून द्या म्हणाली. मी ते चित्र थांबवलं. अक्षतांवर सगळे बिट खर्च झाले होते. आजोबांच्या तोंडावर सहा-सात चौकोन होते, दोन उजळ, बाकीचे मातकट. मी वीस मिनिटं काहीबाही करत बसलो, मग तिला खरं काय ते सांगितलं. ती ‘असू दे काका’ म्हणाली आणि सीडी परत पर्समध्ये ठेवून गेली.

तुमच्या दोन कॅसेटींच्या मूळ फाइली मिळून २६ जीबी. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, त्यात टाका, दुसरी प्रत भाच्याच्या घरी ठेवा. टीव्हीवर बघायला २० वाली फाइल. पाच वर्षांनी मुंग्या काढायचं याहून चांगलं काही निघालं तर ते १३ जीबीच्या फाइलीवरच नीट चालेल, कारण एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबली की आधीच्या गोल केलेल्या आकड्यांवर पुन्हा गोल करणं होतं. तीच चूक दोनदा. आणि कॅसेटी फेकू नका, कोरड्या जागी उभ्या ठेवा.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार आम्ही यंदा पूर्ण चित्रित केला. साडेपाच तास, १०८०, एक कॅमेरा, स्टँडवर. मुंबईकर मंडळींसकट चाळीस घरांना द्यायचा म्हणून ८ जीबीचे चाळीस पेन ड्राइव्ह आधीच घेऊन ठेवलेत. तुम्ही दरवेळी ‘आकार सोडा, क्वालिटी धरा’ सांगता, पण आमचा आकार तर ठरलेला आहे! शिवाय हेच यूट्यूबवर टाकायचं आहे. (एक वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : पेन ड्राइव्ह आधी आणि हिशेब नंतर, हे अस्सल आपल्याकडचं. पण तुमची गोष्ट खरी आहे, पात्र ठरलेलं असेल तर मापूनच ओतावं लागतं. इथे क्वालिटीचा आकडा सोडून ‘ॲव्हरेज बिटरेट’, म्हणजे सेकंदाला सरासरी किती बिट, तो घ्यायचा.

आठ जीबीतले साडेसात धरा, काठोकाठ भरू नका. साडेसात जीबी म्हणजे ६०,००० मेगाबिट. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. भागलं की सेकंदाला तीन मेगाबिट आले. त्यातून आवाजाचे १६० किलोबिट वजा करा, चित्राला २,८०० ठेवा. खाली ‘मल्टी-पास’ची (जुन्या हँडब्रेकमध्ये ‘टू पास’) खूण करा. पहिल्या फेरीत एन्कोडर काहीच शिजवत नाही, पंगतीला किती पानं आहेत ते मोजून येतो. दुसऱ्या फेरीत ज्याला जास्त भूक आहे त्याला जास्त वाढतो. संकासुराच्या धुमाकुळाला जास्त, सूत्रधार जागच्या जागी उभा राहून गात असेल तेव्हा कमी. वेळ जास्त लागतो, रात्रभर लावून ठेवा.

१०८० ला २,८०० फार नाही, पण कॅमेरा स्टँडवर आहे आणि मागचा पडदा हलत नाही, त्यामुळे निभावेल. भीती आहे ती अंधाराची. रंगमंचाच्या कडेचा काळोख, त्यात पेटलेल्या दिव्यांची आभा, अशा जागी बिट कमी पडले की काळ्यात काळे चौकोन हलताना दिसतात. लढाईची दोन मिनिटं काढून बघा. चौकोन दिसले तर मोह सोडा आणि ७२० करा. कमी ठिपके नीट लिहिलेले बरे, जास्त ठिपके घाईत लिहिलेल्यापेक्षा. कॅमेरा हातात असता तर मी आधीच ७२० सांगितलं असतं.

एच.२६५ नं याच जागेत चित्र सरस येईल, पण चाळीस घरांत चाळीस टीव्ही. दहा वर्षांचा टीव्ही असेल तिथे नुसता आवाज येईल आणि फोन तुम्हाला येईल. एच.२६४ च ठेवा.

आणखी एक खड्डा. जुने टीव्ही एफएटी३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचतात, आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. साडेसात जीबीची एक फाइल करून शेवटी कॉपीच होईना, असं होईल. तुकडे करा. आडदशावतार (सुरुवातीचा भाग) एक फाइल, आख्यानाच्या (मुख्य कथेच्या) दोन. तासाला १.३३ जीबी पडेल, म्हणजे एकही तुकडा तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका. आख्यान कुठे तोडायचं ते तुमच्या गावातल्या जाणत्यांना विचारा, मी मिरजेत बसून सांगणं बरं नाही.

यूट्यूबला ही २,८०० वाली फाइल देऊ नका. तिथे तुम्ही काहीही दिलंत तरी ते पुन्हा आपल्या पद्धतीनं दाबतात. १०८० ला सेकंदाला २५-३० चित्रं असतील तर ८ मेगाबिटची फाइल द्या असं ते स्वतः सांगतात. मूळ फाइलीवरून १८ च्या आकड्यानं एक वेगळी करा आणि ती चढवा. इंटरनेट मजबूत असेल तर मूळच चढवा.

प्रश्न : व्हीसीडीवरचं बारसं आहे. आकडा १० ठेवला, तरी चित्र एचडी होत नाही. आणखी कमी करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं, आणि त्याला सेकंदाला १,१५० किलोबिट दिलेले. जे गेलं ते सीडी बनवतानाच गेलं. आकडा १० म्हणजे त्या चौकोनांची तुम्ही फार प्रेमानं नक्कल करताय. खरं तर व्हीसीडीला पुन्हा एन्कोड करायचीच गरज नाही. त्यातली .डॅट फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा, व्हीएलसीत चालते. टीव्हीसाठी हवीच असेल तर १८ पुरे. आणि हे बारसं मूळ कॅसेटवर घेतलं होतं का ते घरात विचारा. माळ्यावर असेल.

प्रश्न : नातवाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मुलीला पाठवला की ढगाळ दिसतो. माझा फोन खराब आहे का?

उत्तर : फोन ठीक आहे. व्हॉट्सॲप पाठवण्याआधीच व्हिडिओ दाबतं. क्लिपच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत फाइल आहे तशी जाते. मुलीला वायफायवर असतानाच उघडायला सांगा, नाहीतर डेटा संपल्याचा आरोप तुमच्यावर येईल.

दुरुस्ती : मागच्या अंकात मी डीव्ही कॅसेटच्या अर्ध्या चित्रांत वरची ओळ आधी येते असं लिहिलं होतं. ठाण्याच्या एका वाचकानं फोन करून कान धरला. डीव्हीत खालची ओळ आधी असते. कॅप्चर कार्डावरून थेट उतरवलेल्या व्हीएचएसच्या फाइलींत बहुतेकदा वरची आधी असते, माझी गफलत तिथे झाली. मागच्या अंकावर विसंबून कुणी बॉब लावला असेल आणि वरातीतली माणसं एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे अशी चालत असतील, तर क्रम उलटा करा, ती सरळ चालू लागतील.